हातचलाखी: शिकण्याची आणि ओळखण्याची

कामगार संघटनेच्या कामात ज्याचे आयुष्य गेले त्या माणसाने हातचलाखीवर बोलावे, याचे श्रोत्यांपैकी काहींना नवल वाटेल. काहींना मुळीच वाटणार नाही. संघटनेची माणसे याच विद्येवर जगतात, असे मालकमंडळी पूर्वीपासून म्हणत आली आहेत. त्यांचे हे म्हणणे आमच्या बाबतीत एकदा खरे ठरले. तो प्रसंग आम्ही शेवटी सांगणार आहोत. परंतु तो नीट कळावयाचा तर ही विद्या काय आहे, ती शिकावी कशी आणि ती कशाच्या बळावर चालते, हे आधी पाहिले पाहिजे.

जादू म्हटली की रंगमंच, पडदे आणि करवतीने दुभंगलेली पेटी डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्रात जादूगार रघुवीर यांचे प्रयोग पाहिलेली मंडळी अजूनही त्या आठवणी सांगतात. आमचा विषय तो नव्हे. चटईवर किंवा चहाच्या टेबलाशी, पाहणाऱ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसून पत्ते, नाणे, रुमाल, काडेपेटी अशा घरच्या वस्तूंनी जी करमणूक करावयाची, तिच्याविषयी आम्ही बोलत आहोत. येथे पेटी नाही, पडदा नाही, दिव्यांचा झगमगाट नाही. आहेत ते फक्त दोन हात आणि समोरच्याचे डोळे.

आम्ही ही विद्या गिरणगावातल्या एका चाळीत शिकलो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आम्ही तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होतो. ज्या हातांना पाळ्यांमुळे उसंत नव्हती ते रिकामे झाले आणि चाळीच्या गॅलरीत पत्त्यांचे डाव पडू लागले. शेजारच्या खोलीत एक वृद्ध विणकर राहत; त्यांना आम्ही नाना म्हणत असू. डाव संपला की ते पोरांना जवळ बसवून पत्त्यांच्या गमती दाखवीत. पुढे संप फसला, घराची घडी विसकटली, नववीनंतर आमची शाळा सुटली. त्यानंतरचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर. नानांनी शिकवलेले तीन खेळ मात्र अजून हातात आहेत. तेच येथे सांगतो.

पहिला खेळ खुणेच्या पत्त्याचा. कॅट पिसून झाला की तो टेबलावर ठेवता ठेवता सर्वांत तळाचा पत्ता हळूच पाहून घ्यावा. समजा, ती इस्पिकची सत्ती आहे. आता समोरच्याला मधून कोणताही पत्ता काढू द्यावा, तो त्याने पाहावा आणि कॅटच्या माथ्यावर ठेवावा. मग त्यालाच कॅट कापण्यास सांगावे, म्हणजे वरचा भाग उचलून बाजूला ठेवावयाचा आणि खालचा त्याच्यावर ठेवावयाचा. असे केल्याने तळाची सत्ती नेमकी त्याच्या पत्त्याच्या डोक्यावर येऊन बसते. पुन्हा एक-दोनदा साधे कापले तरी हरकत नाही. कापण्याने पत्त्यांचा क्रम मोडत नाही, माळ फिरवावी तसा तो फक्त फिरतो. यानंतर वरून एकेक पत्ता उलटा करीत जावे. सत्ती आली की तिच्या पाठचा पत्ता त्याचा. सत्ती अगदी शेवटी निघाली, तर पहिलाच पत्ता त्याचा समजावा.

हा खेळ पाच मिनिटांत येतो. परंतु नाना त्यावर म्हणत, “पोरा, चोरी केव्हा झाली ते सांग.” आम्ही म्हणू, पत्ता काढताना, कोणी म्हणे, कापताना. खरे तर चोरी झाली ती खेळ सुरू होण्यापूर्वी. पाहणाऱ्याने डोळे उघडून बसावयाचे ठरवले तोपर्यंत सारे उरकलेले होते.

दुसरा खेळ एकवीस पत्त्यांचा. हा बहुतेक घरांत कोणाला तरी येतो, पण तो का जमतो हे फार थोड्यांना ठाऊक असते. एकवीस पत्ते चित्र वर करून डावीकडून उजवीकडे असे मांडावेत, की सात-सातांच्या तीन उभ्या ओळी होतील. समोरच्याने मनात एक पत्ता धरावा आणि तो कोणत्या ओळीत आहे एवढेच सांगावे. ती ओळ दुसऱ्या दोन ओळींच्या मध्ये घालून पत्ते गोळा करावेत. पुन्हा तसेच मांडावे, पुन्हा विचारावे, पुन्हा ती ओळ मध्ये घ्यावी. असे तीनदा केले की मनातला पत्ता वरून अकरावा निघतो. यात हाताची चलाखी मुळीच नाही, आहे ते गणित. पहिल्यांदा ओळ मध्ये घेताच तो पत्ता आठ ते चौदा या जागांत अडकतो. दुसऱ्या मांडणीत या सात जागा प्रत्येक ओळीच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या घरात पडतात. म्हणून दुसऱ्यांदा गोळा केल्यावर तो दहा, अकरा किंवा बारा यांपैकी एका जागी असतो. तिसऱ्या मांडणीत या तिन्ही जागा आपापल्या ओळीच्या चौथ्या घरात जातात. ओळ कळली की पत्ता कळला. समोरच्याने आपला पत्ता उघड केलेला नसतो. त्याने फक्त तीन निरुपद्रवी प्रश्नांची उत्तरे दिलेली असतात.

तिसरा खेळ नाण्याचा, आणि खरी मेहनत येथे आहे. दहा रुपयांचे नाणे घ्यावे. डाव्या हाताचा तळवा वर करून ते अंगठा आणि मधले बोट यांच्या टोकांत कडेने धरावे. उजवा हात पुढे आणून त्याचा अंगठा नाण्याखालून आणि बोटे वरून न्यावीत, जणू नाणे उचलावयाचे आहे. उजव्या बोटांनी नाणे झाकले गेले की डावा अंगठा किंचित सैल करावा. नाणे डाव्याच हातात गळून पडते. उजवी मूठ मिटून पुढे जावी आणि डावा हात अवघडल्यासारखा न धरता स्वस्थ खाली यावा. मूठ उघडली की नाणे नाही!

नवशिका येथे एकच चूक करतो. तो पहिल्या दिवसापासून फसवण्याचा सराव करतो. नानांनी आम्हाला आठ दिवस फसवू दिले नाही. ते म्हणाले, “आधी नाणं खरोखर घे. शंभर वेळा घे. तुझा हात कसा दिसतो ते बघ.” खरे नाणे घेताना खांदा किती हलतो, मूठ किती आवळते, नजर कोठे जाते, हे आरशासमोर पाहिल्याशिवाय खोटे घेणे साधत नाही. हातचलाखीचे गेल्या शतकातील मोठे आचार्य डाय व्हर्नन जन्मभर हेच सांगत राहिले, की हाताची प्रत्येक हालचाल स्वाभाविक दिसली पाहिजे. नानांनी व्हर्ननचे नाव ऐकलेही नसेल. पण साच्यावर चाळीस वर्षे काम केलेल्या माणसाला हाताची स्वाभाविक चाल म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही.

आणखी दोन नियम नवशिक्याने पाळावेत. पुढे काय होणार ते आधी सांगू नये, आणि एकच खेळ त्याच मंडळींपुढे लगेच दुसऱ्यांदा करू नये. हॅरी हुदिनी अशी फुशारकी मारीत असे, की कोणताही खेळ आपण तीनदा पाहिला तर तो कसा केला हे ओळखू. १९२२ साली शिकागो येथे व्हर्ननने त्याच्यासमोर त्याच्याच सहीचा पत्ता कॅटमध्ये घालून पुन्हा पुन्हा माथ्यावर आणला, आणि हुदिनीला ते उलगडले नाही. हे व्हर्ननला शोभते; आपण एकदाच करावा आणि पत्ते खिशात घालावेत.

आता हे सारे चालते कशाच्या बळावर? हात डोळ्यांपेक्षा वेगवान असतो, ही लोकांची समजूत चुकीची आहे. वेगाने हलवलेला हात उलट जास्त दिसतो. चलाखी चालते ती पाहणाऱ्याच्या लक्षावर. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. चेंडूची फेकाफेक चाललेली एक छोटी चित्रफीत दाखवून, एका गटाने चेंडू किती वेळा दिला हे मोजावयास सांगितले. मध्येच गोरिलाचा वेष केलेले एक माणूस खेळणाऱ्यांतून छाती बडवून निघून गेले. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते दिसलेच नाही. डोळे उघडे होते, समोर उजेड होता, पण लक्ष मोजण्यात गुंतले होते. २००६ साली गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी चेंडू अदृश्य करण्याच्या एका जुन्या खेळाचा अभ्यास केला. जादूगार दोनदा चेंडू खरोखर वर फेकतो, तिसऱ्यांदा हात तेवढा हलवतो. त्याने नजर वर नेली, तर सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तिसरा चेंडूही वर जाताना पाहिल्याचे सांगितले. हात तोच होता. नजरेने चेंडू फेकला होता. म्हणून नाण्याचा खेळ करताना आपण रिकाम्या मुठीकडे पाहावयाचे. आपण जिकडे पाहू तिकडे समोरचा पाहतो.

कोणी म्हणेल, ही गुपिते अशी उघड्यावर मांडणे बरे का? रोमचा तत्त्वज्ञ सेनेका याने एकोणीसशे वर्षांपूर्वीच एका पत्रात लिहून ठेवले आहे, की पेले आणि खडे यांचा खेळ निरुपद्रवी असून त्यात मौज असते ती फसण्याचीच. तो कसा करतात हे कळले की गोडी जाते. हे मान्य आहे. आम्ही सांगितलेले तीन खेळ मुलांच्या पुस्तकांत सापडतात. ज्यांवर कोणाचे पोट चालते ती गुपिते आम्ही सांगणार नाही. परंतु काही गुपिते उघड करणे हे कर्तव्य असते. १५८४ साली इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट या गृहस्थाने चेटकिणींच्या छळाविरुद्ध ग्रंथ लिहिला, आणि त्यात चेंडू, नाणी व पत्ते यांच्या चलाख्या कशा करतात हे मुद्दाम समजावून दिले. जे चेटूक वाटते ते हाताचे काम आहे, हे लोकांना कळावे हा त्याचा हेतू होता.

आमच्याकडेही तेच करावे लागले. रिकाम्या हातातून विभूती काढणाऱ्याचे रहस्य केवढे? राख भाताच्या पेजेत मळून तिची गोळी वाळवावयाची, अंगठ्याच्या बेचक्यात धरावयाची आणि वेळ आली की चुरडावयाची. आमचा नाण्याचा खेळ आणि हा खेळ यांत हाताच्या दृष्टीने फरक नाही. एक जण सांगतो, ही गंमत आहे; दुसरा सांगतो, ही सिद्धी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि १९८९ साली त्यांनी स्थापन केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांच्या कार्यकर्त्यांनी असे चमत्कार गावोगाव करून दाखवले आणि उलगडून दाखवले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची गोळ्या झाडून हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायदा झाला तो त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर.

याच्या उलट पेल्याखालचे गोळे पळवणारा रस्त्यावरचा गारुडी पाहा. तो टोपी पुढे करून उघड म्हणतो, की हे पोटासाठी आहे. त्याची फसवणूक परवानगीची आहे. आणि कायद्याने त्याला काय दिले? मुंबई राज्याच्या १९५९ च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्यात गाणे, नाच, भविष्यकथन, खेळ करणे यांच्या मिषाने पैसे मागणेही भिक्षेच्या व्याख्येत बसवण्यात आले. कसब दाखवून चार पैसे घेणारा भिकारी ठरला. कामगार चळवळीतल्या माणसाला हे बोचल्याशिवाय राहत नाही.

परवानगीवाचूनची फसवणूक कशी असते, याचा धडा आमच्या घरीच घडला. गिरणीच्या बोनसच्या दिवशी आसपासच्या रस्त्यांवर तीन पत्त्यांचे जुगारी खोके मांडून बसत. तीन पत्ते पालथे टाकावयाचे आणि राणी कोठे आहे ते ओळखावयाचे. एका हातात दोन पत्ते असतात, राणी खालच्या बाजूला. पाहणाऱ्याला वाटते, खालचा पत्ता आधी पडणार; तो वरचा टाकतो. पण एवढ्याने शहाणा माणूस फसत नाही. गर्दीतले दोघेतिघे जिंकत असतात, ते त्याचेच साथीदार. खेळवणारा मान वळवतो, तेवढ्यात त्यांतला एक जण राणीचा कोपरा दुमडतो आणि आपल्याला डोळा मारतो. आता आपल्याला ‘खात्री’ असते. आपण सारे पैसे लावतो. मधल्या फेकीत तो कोपरा सरळ झालेला असतो आणि दुसऱ्याच पत्त्याचा दुमडलेला असतो.

आमच्या वडिलांनी १९८० च्या दिवाळीचा बोनस असा घालवला. घरी येऊन त्यांनी आईला सांगितले, की गर्दीत पाकीट मारले गेले. खरी हकीकत त्यांनी आम्हाला बारा वर्षांनी सांगितली, तीही मान खाली घालून. “फसलो याचं दुःख नव्हतं रे,” ते म्हणाले, “मी त्याला फसवायला निघालो होतो, याची लाज होती.” या जुगाराची खरी किल्ली ती लाजच होय. तक्रार करावी तर आपलाही हात त्यात असतो.

बॉश या डच चित्रकाराच्या नावावर असलेले एक जुने चित्र फ्रान्समध्ये आहे. त्यात पेल्यांचा खेळ करणाऱ्यासमोर एक जण वाकून खड्याकडे पाहत आहे, आणि मागचा मनुष्य आकाशाकडे बघत त्याची थैली लांबवत आहे. चित्र पाच शतकांचे, पण आजचेच आहे. दूरध्वनीवरून ‘तुम्हाला अटक होणार आहे’ असे सांगून वृद्धांची बँकखाती रिकामी करणारे लोक दुसरे काय करतात? ते घाई करतात, भीती दाखवून एकाच गोष्टीकडे लक्ष खिळवतात, आणि शेजारच्याला विचारण्यास सवड देत नाहीत.

आता कबूल केलेला प्रसंग. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात टाळेबंदी झाली. पाचवा महिना लागला तेव्हा संघटनेच्या मदतनिधीत फक्त सहा घरांचे रेशन भरण्याइतके पैसे उरले. गरजू घरे तीसच्या वर. चिठ्ठ्या टाकावयाचे ठरले. सभासद म्हणाले, “भाऊ, तुमच्याच हाताने काढा.” आमच्या एका सहकारी बाईंचे मूल त्या वेळी इस्पितळात होते. तिचे नाव निघावे असे आम्हाला मनापासून वाटले, आणि आम्ही ते निघेल असे केले. तिच्या नावाची चिठ्ठी डबा हलवण्यापूर्वीच आमच्या बोटांत होती. नानांनी शिकवलेले नाणे त्या दिवशी कागदाचे झाले. कोणालाही संशय आला नाही.

दोन महिन्यांनी कळले, की ज्यांचे नाव निघाले नाही त्यांतल्या एकाने सावकाराकडून कर्ज काढले आणि ते फेडण्यासाठी गावाकडचे अर्धा एकर रान विकले. त्याची चिठ्ठी आम्ही लपवलेली नव्हती. पण सरळ चिठ्ठ्या निघाल्या असत्या तर त्याचे नाव आलेच नसते, असे आम्ही त्याला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? पुढच्या सर्वसाधारण सभेत आम्ही उभे राहून सारे सांगितले आणि राजीनामा पुढे ठेवला. काही जण संतापले, ते योग्यच होते. शेवटी भट्टी खात्यातल्या एक वयस्कर मावशी उठल्या. म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही नुसतं सांगितलं असतंत, तर आम्ही सगळ्यांनी हात वर करून तिला दिलं असतं. चिठ्ठी कशाला काढलीत?”

राजीनामा सभेने परत केला. परंतु मावशींच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अद्याप देता आलेले नाही. त्या दिवसापासून आमच्या संघटनेत चिठ्ठ्या काचेच्या बरणीत टाकतात आणि त्या एखाद्या सभासदाचे लहान मूल काढते, बाह्या दंडापर्यंत दुमडून. आम्ही त्या बरणीला हात लावीत नाही.

खेळ मात्र सोडला नाही. नवीन कंत्राटी मुलांना पगारपत्रक वाचावयास शिकवतो, तेव्हा आधी नाणे काढतो. नाणे नाहीसे झाले की ती हसतात. मग विचारतो, तुम्ही कोणत्या हाताकडे पाहत होता? त्यानंतर पगारपत्रक पुढे ठेवतो आणि ठळक अक्षरांतल्या एकूण रकमेवर बोट ठेवून, बारीक अक्षरांतल्या कपाती वाचावयास सांगतो.

श्रोत्यांनी घरी गेल्यावर एक नाणे घ्यावे आणि आठ दिवस ते नुसते या हातातून त्या हातात खरोखर घ्यावे. नवव्या दिवशी नातवंडांना फसवून पाहावे, आणि ती विचारतील तेव्हा ही गंमत होती असे न चुकता सांगावे.